रेकॉर्डला असू द्या

मलकपेठेत आम्ही राहतो त्या घराच्या जिन्याखाली वाळूचा एक ढीग आहे. त्या ढिगाला कोर्टाचं संरक्षण आहे.

हे मला आम्ही राहायला आलो त्याच दिवशी कळलं. सामानाचा टेम्पो दारात उभा होता. नवरा हमालांशी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत होता आणि मी चपलांचा स्टँड कुठं मावेल ते बघत होते. जिन्याखाली छान जागा दिसली. मध्ये तेवढा वाळूचा ढीग होता, तो पायानं जरा सारला की झालं, म्हणून मी पाय पुढं केला मात्र, घरातून आवाज आला.

"हां हां हां! बाई, काय करायलाव? नक्को! हात नक्को लावू, आन् पाय तर बिलकुल नक्को!"

उंच, काटकुळे, सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ केरसुणी घेऊन धावत आले. हे आमचे घरमालक, माणिकराव बिरादार; त्यांच्याच खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या होत्या. त्यांनी मला बाजूला व्हायला लावलं, माझ्या चपलेला चिकटलेली वाळू तिथंच झटकून घेतली, ती केरसुणीनं गोळा केली आणि परत ढिगावर नेऊन ठेवली. मग जरा लांब उभं राहून ढिगाकडे डोळे बारीक करून पाहिलं. समाधान झाल्यावर माझ्याकडे वळले.

"ह्या वाळूवर मुकदमा चालू आहे. तुम्हाला माहीत नव्हतं म्हणून माफ. पण तुमचा पाय लागला होता, एवढं रेकॉर्डला असू द्या."

मी पुण्याची. तऱ्हेवाईक घरमालक मला नवे नाहीत. पण वाळूची बाजू घेऊन भांडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

टेम्पोवाला हॉर्न मारत होता तरी माणिकरावांनी मला सगळा मुकदमा उभ्यानं ऐकवला. त्यांचे वडील बिदरकडची शेती भावकीवर सोपवून हैदराबादला आले आणि त्यांनी मलकपेठेत हे दोन मजली घर बांधलं. जाताना वाटणी करून गेले. खालचा मजला थोरल्या माणिकरावांना, वरचा धाकट्या व्यंकटरावांना. सगळं कागदावर लिहिलेलं होतं, फक्त बाहेरून वर जाणारा जिना कुणाचा हे लिहायचं राहून गेलं. वरच्या मजल्यावर जायला जिना लागतो, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानातच आलं नसावं.

पुढं व्यंकटरावांना वाटलं, हा जुना जिना पाडून नवा ऐसपैस बांधावा. माणिकराव म्हणाले, बापानं बांधलेला जिना आहे, हात लावायचा नाही. व्यंकटराव म्हणाले, वर मी राहतो, जिना माझा. त्यांनी वाळू आणून टाकली, गवंड्याला बोलावलं, गवंड्यानं पहिल्याच सकाळी रेलिंग काढलं, एका पायरीची कड फोडली आणि त्या धामधुमीत वळणावरचा बल्बही गेला. माणिकराव तडक कोर्टात गेले. कोर्टानं सांगितलं, निकाल लागेपर्यंत दोघांपैकी कुणीही जिन्यात काही बदल करायचा नाही. जे जसं आहे ते तसंच. जैसे थे.

ही ऑर्डर झाली तेव्हा मी कॉलेजात होते. आता मला शाळेत जाणारी मुलगी आहे. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, इथं घरातल्या पायऱ्याच कोर्टाच्या झाल्या होत्या, आणि आमचे कपडे वाळत घालायचे ते गच्चीवर, म्हणजे त्याच पायऱ्या चढून.

दुसरा कुणी असता तर ऑर्डर कपाटात ठेवून गप बसला असता. माणिकरावांनी ती अंगावर घेतली. रोज सकाळी चहा झाला की ते जिन्याची तपासणी करतात. फुटलेली कड पाहतात, वाऱ्यानं उडालेली वाळू झाडून ढिगावर टाकतात. शेजारची पोरं ढिगावर खेळली की पोरांना रागवत नाहीत, पण जाताना त्यांचे खिसे झाडून घेतात. एकदा मांजर ढिगात शिरलं तेव्हा मी खिडकीशी लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होते. त्यांनी काचेवर टकटक केली.

"बाई, बघून ठेवा. मांजरानं उकरलं, मी नाही. उद्या साक्षीला लागाल."

"काका, मीटिंग चालू आहे माझी!"

"मीटिंग चालू द्या की. नुसती मान वळवा."

मी मान वळवली. पलीकडे बंगलोरच्या साहेबांना माझ्या मागे केरसुणी उगारलेला एक म्हातारा दिसला. सगळं ठीक आहे ना, असं त्यांनी फार काळजीनं विचारलं. तेव्हापासून मांजर, पोरं, वारा, सगळ्याची मी साक्षीदार झाले. "मला नका हो ओढू तुमच्या कोर्टात," असं मी निदान शंभरदा ओरडले असेन. उपयोग शून्य.

बल्बची गोष्ट तर सांगायलाच हवी. जिन्याच्या वळणावर काळोख. कपड्यांची बादली घेऊन मी दोनदा ठेचकाळले आणि तिसऱ्या दिवशी सरळ नवा बल्ब घेऊन आले. माणिकरावांनी तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला.

"बाई, माझी अख्खी नोकरी वीज खात्यात गेली. वादळात खांबावर चढून मी लोकांचे दिवे लावले. माझ्याच घरात अंधार बघून मला बरं वाटतंय का? पण ऑर्डरच्या दिवशी बल्ब उडालेला होता. आज लावला तर तो बदल झाला." मग आत जाऊन त्यांनी एक टॉर्च आणून दिला. "हे घ्या. टॉर्चबद्दल ऑर्डरमध्ये काही नाही."

'रेकॉर्डला असू द्या' हे त्यांचं पालुपद. दूधवाल्याला, "आज दूध पातळ आहे, रेकॉर्डला असू द्या." माझ्या नवऱ्याला, "काल तुम्ही गेट उघडं ठेवलं होतं, रेकॉर्डला असू द्या." जेवताना शांताकाकूंना, "वरणात मीठ कमी आहे, रेकॉर्डला असू द्या."

"असू द्या, आन् गिळा मुकाट्यानं," काकू म्हणतात.

शांताकाकू म्हणजे त्यांच्या पत्नी. बुटक्या, गोल, आणि साऱ्या मुकदम्यात एकट्याच शहाण्या. ऑर्डर झाल्यापासून दोघा भावांचं बोलणं बंद. नुसतं बंद नाही, एकमेकांची नावंही टाकली त्यांनी. व्यंकटराव खाली ऐकू जाईल अशा आवाजात वरून विचारतात, "वादी उठले का?" आणि माणिकराव पेपरातून डोकं वर न काढता सांगतात, "प्रतिवादी आज भलताच उशिरा उठलेला दिसतोय." पहिले काही दिवस मला वाटलं, वादी हे कुणाचं तरी आडनावच आहे.

व्यंकटरावांची बायको गेलेली, मुलगी सुजाता लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला. वर ते एकटेच. मग त्यांचं जेवण? त्याची सोय काकूंनी केली होती. वरच्या गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली खाली येते, काकू त्यात डबा ठेवतात, टोपली वर जाते. जिन्याला हात नाही, पाय नाही, ऑर्डर शाबूत.

"काका, हे चालतं का तुम्हाला?" मी एकदा मुद्दाम काडी टाकली.

"ती मुकदम्यात पार्टी नाही," माणिकराव म्हणाले. "तिला कोण काय म्हणणार?" आणि टोपली वर जायच्या आधी डब्याचं झाकण उघडून बघितलं. "लोणचं काढ त्यातलं. प्रतिवादीला बीपी आहे."

आपल्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. व्यंकटरावही करत नसत. टोपली खाली येताना त्यात काहीतरी असायचंच. कधी दोन सीताफळं, कधी मूठभर शेंगा, कधी पेपरातलं अर्धं सोडवलेलं शब्दकोडं. माणिकरावांना खोकला झाला त्या आठवड्यात ज्येष्ठमधाच्या काड्या आल्या. त्या कुणासाठी हे कुणीच बोललं नाही. माणिकराव दिवसभर चघळत होते.

कोर्टाच्या तारखेला इथं पेशी म्हणतात. पेशीच्या दिवशी माणिकराव इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि लग्नातला कोट घालतात. काकू त्यांच्या हातावर दहीसाखर घालतात आणि लगेच दह्याची एक वाटी टोपलीत ठेवून वर पाठवतात.

"काकू, दोघांनाही दही? मग जिंकायचं कुणी?"

"कुणीच नाही, माय. एक जिंकला तर दुसरा हरतोय ना."

दोघं एकाच मेट्रोनं जायचे, वेगवेगळ्या डब्यांतून. संध्याकाळी पुढची तारीख घेऊन परत यायचे. असं सगळं सुखानं चाललं होतं आणि ते मी म्हातारी होईपर्यंत चाललं असतं, पण व्यंकटरावांचा गुडघा मध्ये आला.

उजवा गुडघा पार झिजला होता. ऑपरेशन करून नवा बसवायचं ठरलं. डॉक्टरांनी सुजाताला सांगितलं, जिना चढायला हरकत नाही, पण धरायला रेलिंग हवं आणि चांगला उजेड हवा. आता आमच्या जिन्याला रेलिंग नव्हतं, उजेड नव्हता, आणि एक पायरी फुटकी होती. आणि तिन्ही गोष्टींवर कोर्टाचा पहारा.

सुजाता खाली आली. मी तिथंच होते.

"मोठे बाबा, एक रेलिंग लावू द्या ना. नुसता लोखंडी पाइप."

"मला काय विचारतेस, बेटा? कोर्टाला विचार. दोघांनी सह्या करून अर्ज दिला की कोर्ट परवानगी देतंय. तुझ्या बाबाला म्हणावं, आधी सही कर."

सुजाता वर गेली. थोड्या वेळानं वरून व्यंकटरावांचा खणखणीत आवाज आला, "आधी वादींनी करावी!"

घोडं इथं अडलं. आधी सही करणं म्हणजे जिन्यावर दुसऱ्याचा हक्क कबूल करणं, असं दोघांच्याही डोक्यात पक्कं बसलेलं. सुजाता तीनदा वर गेली, तीनदा खाली आली. शेवटी ती रडकुंडीला आली. म्हणाली, "ठीक आहे. हॉस्पिटलातून बाबांना मी सरळ माझ्या घरी नेते. तिथं लिफ्ट आहे. वरच्या मजल्याला कुलूप लावते. मग बसा तुम्ही जिना उराशी धरून."

ती गेली. माझाही पारा चढला होता. भाडेकरूनं घरमालकाला बोलू नये ते मी बोलले.

"अभिनंदन, काका. ते गेले की जिना तुमचाच. एकदाचे जिंकलात."

मला वाटलं, आता हेही रेकॉर्डला जाणार. पण माणिकराव केरसुणी घेऊन ढिगाभोवती झाडत राहिले. तिथं झाडण्यासारखं काही नव्हतं.

व्यंकटराव हॉस्पिटलात गेले. टोपली गॅलरीला वरच लटकत राहिली. काकूंनी सवयीनं भाकऱ्या जास्तीच्या केल्या आणि सवयीनं डबा काढला, मग तो तसाच परत फडताळात ठेवला. माणिकराव जेवायला बसले की एकदा वर बघायचे. सकाळची तपासणी बंद झाली. दूधवाल्यानं पाणी घातलेलं दूध दिलं तरी त्याला कुणी हटकलं नाही. तो बिचारा घाबरून मला विचारून गेला, "अम्मा, पेद्दायनला बरं नाही का?" पेद्दायन म्हणजे तेलुगूत घरातला वडीलधारा माणूस. घरात भांडण असतं तेव्हा घर कसं भरलेलं वाटतं, हे मला त्या आठवड्यात कळलं. मला फार वाईट वाटत होतं, आणि माणिकरावांचा रागही येत होता.

व्यंकटरावांना हॉस्पिटलातून सोडणार होते त्या दिवशी सकाळी मी ड्रिल मशीनच्या आवाजानं जागी झाले. बाहेर येऊन बघते तर जिन्याला रेलिंग! वेल्डिंगवाला शेवटचा सांधा जोडत होता. फुटक्या पायरीची कड ओल्या सिमेंटनं लिंपलेली. वळणावर माझाच तो बल्ब लखलखत होता, मी आणलेला, त्यांनी तेव्हापासून जपून ठेवलेला. आणि माणिकराव, वय वर्षं सत्तरीच्या पुढं, उजवा पाय काठीसारखा ताठ धरून, रेलिंगला लटकत, एक एक पायरी चढत होते. वर गेले. तसेच ताठ पायानं खाली आले.

"काका, काय चाललंय?"

"इथं, ह्या वळणावर, बोटं अडकायलीत," ते वेल्डिंगवाल्याला म्हणाले. "इथं घासून गुळगुळीत कर. त्यानं पडताना धरलं तर हात कापायला नको." आणि परत ताठ पाय करून चढायला लागले.

माझं लक्ष जिन्याखाली गेलं. वाळूच्या ढिगाला एका बाजूनं मोठं खिंडार पडलं होतं.

"काका! वाळू ह्यातली घेतलीत?"

ते तिसऱ्या पायरीवर थांबले. रेलिंगवरचा लोखंडाचा कीस बोटानं झटकत म्हणाले, "बाई, हे... हे तेवढं रेकॉर्डला नक्को घेऊ. आन् सुजीला एक फोन लावा. म्हणावं, जिना चढण्यालायक झालाय."

मी फोन लावला.

दुपारी टॅक्सी आली. सुजाताच्या खांद्याचा आधार घेत व्यंकटराव उतरले. गोल चेहरा हॉस्पिटलात उतरला होता. जिन्यापाशी येऊन त्यांनी रेलिंग पाहिलं, पायरी पाहिली, भरदुपारी चालू असलेला बल्ब पाहिला, ढिगातलं खिंडारही पाहिलं. माणिकराव घरात पडद्याआड उभे होते. पडद्याखालून त्यांचे पाय दिसत होते.

"वादींनी ऑर्डर मोडली वाटतं," व्यंकटराव मोठ्यानं म्हणाले. पडद्याखालचे पाय जागचे हलले नाहीत. मग व्यंकटरावांनी रेलिंग धरलं आणि हळूहळू वर गेले. संध्याकाळी टोपली खाली आली. तिच्यात हॉस्पिटलात भेटायला आलेल्यांनी दिलेली मोसंबी होती.

हे इथं संपलं असतं तर किती छान झालं असतं. पण व्यंकटरावांचे वकील त्यांची तब्येत विचारायला घरी आले. तरुण, उत्साही माणूस. रेलिंग बघून त्याचे डोळे चमकले. त्यानं मोबाइलवर पटापट फोटो काढले आणि जाताना जिन्यातच कुणाला तरी फोनवर सांगितलं, "ऑर्डर आणणाऱ्यानंच ऑर्डर मोडलीय. आता केस आपल्या हातात."

मी धावत जाऊन माणिकरावांना सांगितलं. ते शांत होते.

"खरं आहे ते. ऑर्डर मोडली की शिक्षा होते, मुकदमाही जाऊ शकतोय. जिना जाईल." मग म्हणाले, "पण त्याला कुकटपल्लीत झोप येत नाही. लहानपणापासून त्याला दुसऱ्याच्या घरी झोप येत नाही."

पुढच्या पेशीला मीही गेले. काकूंनी मला माणिकरावांवर लक्ष ठेवायला पाठवलं आणि सुजाताला ऑफिस असल्यामुळं तिनं तिच्या बाबांना माझ्यावर सोपवलं. म्हणजे मी दोन्ही पक्षांची माणूस झाले. जाताना दोन्ही पक्षांबरोबर दह्याचं बोट मलाही चाटवण्यात आलं.

कोर्टात तो तरुण वकील उठला. जज मॅडमना मोबाइलवरचे फोटो दाखवून तेलुगूत तावातावानं बोलला. मला सगळं कळलं नाही, पण रेलिंग आणि बल्ब हे शब्द कळले. माणिकरावांचे वकील कपाळाला हात लावून बसले होते. माणिकराव कोटाची बटणं लावून ताठ उभे होते.

मॅडमनी व्यंकटरावांना खुर्ची द्यायला लावली आणि हिंदीत सरळ त्यांनाच विचारलं, हे रेलिंग कधी लावलं?

व्यंकटरावांनी एकदा वकिलाकडे पाहिलं, एकदा नव्या गुडघ्याकडे. मग अगदी निरागस तोंड करून म्हणाले, "रेलिंग? ते तर पहिल्यापासूनच आहे, मॅडम."

त्यांचाच वकील दचकला. पण त्याच्याहून जास्त भडकले माणिकराव.

"खोटं!" ते हात वर करून हिंदीत ओरडले. "खोटं बोलायलाय तो! रेलिंग मी लावलं. बल्बही मी लावला. त्याची वाळूही मी घेतली. सगळं रेकॉर्डला घ्या!"

"दादा, तू गप बस ना!" व्यंकटराव मराठीत ओरडले.

ते काय बोलले हे आमच्याखेरीज तिथं कुणालाच कळलं नव्हतं. टाइप करणारा हात वर धरून वाट बघत राहिला. मॅडमनी विचारलं, काय म्हणाले? माणिकराव नुसते भावाकडे बघत राहिले. शेवटी मीच हिंदीत म्हणाले, "कुछ नहीं मॅडम, भाई को चूप रहने बोले."

मॅडमना हसू आवरेना. म्हणाल्या, इथं प्रत्येक जण स्वतःसाठी खोटं बोलतो, एकमेकांसाठी भांडणारे आज बघतेय. दोघांनी घरी बसून बोला, तोडगा निघाला तर मध्यस्थीला या. तोपर्यंत जिना आता आहे तसाच राहील, रेलिंग आणि बल्बसकट. जैसे थे. आणि पुढची तारीख.

परत येताना आम्ही तिघं एकाच रिक्षात बसलो. मी मध्ये. डावीकडून प्रतिवादी म्हणाले, "बाई, कोणी भांडणात खरं बोलायचं मनावर घेतलं तर काय करावं?" उजवीकडून वादी म्हणाले, "बाई, कोर्टात खोटं बोलणाऱ्याला म्हणावं, गुडघा नीट ठेव, खड्डा आलाय." मी दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवत मलकपेठ गाठलं. दोघांनाही ऐकू येत होतं, पण मी पोचवले.

घरी भरदुपारी वळणावरचा बल्ब जळत होता. मी बटणाकडे हात नेला तर माणिकराव म्हणाले, "नक्को! ऑर्डरच्या वेळी चालू होता. आता तो बंद करता येत नाही."

व्यंकटराव रेलिंग धरून चढायला लागले. माणिकराव खाली, वाळूच्या ढिगाशी उभे राहिले, वर न बघता, नुसतं ऐकत. एक एक पाऊल वर जात होतं. वळणावर थांबलं. पुन्हा निघालं. वरचं दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला, तेव्हा कुठं त्यांनी कोटाचं बटण सोडलं.

मग माझ्याजवळ येऊन, कुणी ऐकत तर नाही ना असं बघून, त्यांनी हळूच विचारलं, "बाई, कोर्टात तो मला दादा म्हणाला ना... ते रेकॉर्डला आलं का?"

कुठलं येतंय. टाइप करणाऱ्याला मराठी येत नव्हतं, आणि आलं असतं तरी त्यात लिहिण्यासारखं काय होतं त्याच्या दृष्टीनं? पण माणिकरावांचे डोळे भरून आले होते आणि ते माझ्याकडे बघत होते.

"काका," मी म्हणाले, "मी आहे ना साक्षीला."